उलट्या पिनेचा ब्रोच

“‘क्रमांक सत्तेचाळीस,’” तोंडातला हेरिंग माशाचा तुकडा घाईघाईने गिळून एस्बेनने लिलावाचं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. “‘आस्गर थोरूप. चांदीचा ब्रोच, कोपनहेगन, सुमारे १९७१. ही या कलावंताची सर्वांत धाडसी निर्मिती म्हणावी लागेल. ज्या हाताने आयुष्यभर समतोलाचा ध्यास घेतला, त्याच हाताने इथे तो जाणूनबुजून मोडला आहे. पिनसुद्धा उलट बसवून त्याने दागिना घालणाऱ्यालाच प्रश्न विचारला आहे.’ वा! काय लिहितात लेकाचे! आणि अंदाजे किंमत ऐका. साठ हजार क्रोनर!”

वीबेकेची सुरी राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावता लावता थांबली.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

“साठ हजार.”

“किंमत नको रे. फोटो दाखव.”

एस्बेनने पुस्तक फिरवून टेबलावर ठेवलं. आईच्या शहाऐंशीव्या वाढदिवसासाठी मधोमध उभा केलेला छोटा झेंडा त्याच्या धक्क्याने कलंडला. एस्बेनच्या बायकोने, डॉर्टेने, तो सरळ केला. वीबेकेचं तिकडे लक्षच नव्हतं. फोटोत एक वाकडातिकडा, एका बाजूला झुकलेला, धड पान नाही की धड मासा नाही असा चांदीचा तुकडा होता. तो तिने डोळे मिटूनही ओळखला असता. सकाळी आल्या आल्या आईची कॉलर मोकळी पाहून तिने विचारलंही होतं, “ब्रोच कुठंय? लावून देते.” आई म्हणाली होती, “बघू नंतर.”

“हा पेटीत कसा गेला, एस्बेन?”

“कसा म्हणजे? आईच्या खणात होता, मागे बाबांचा ठसा होता, टाकला पेटीत. ज्याच्यावर ठसा ते सगळं लिलावाला, असं आपलं चौघांचं ठरलं होतं ना?”

“तो बाबांनी केलेला नाही. मी केलाय. नऊ वर्षांची होते.”

डॉर्टेला आधी हसू फुटलं, मग ठसका लागला. एस्बेनने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, पण नजर बहिणीवरून हलवली नाही. बोडिलबाईंनी, म्हणजे आईने, मोहरीची बाटली आपल्याकडे ओढली आणि काहीच न ऐकल्यासारखं हेरिंगवर लक्ष केंद्रित केलं. एरवी शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्यांना ऐकू येई.

त्या वर्षीच्या नाताळची गोष्ट. बाबांची कार्यशाळा मागच्या अंगणात होती. शाळा सुटली की वीबेके तिथे जायची आणि कामाच्या बाकाखाली पडलेली चांदीची कातरणं वेचायची. तीन आठवडे खपून तिने आईसाठी ब्रोच केला. ठोकणं, कानस मारणं, मागे पिन झाळणं, सगळं तिचं तिने. मग तो घेऊन ती बाबांसमोर उभी राहिली. बाबांनी तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. एक शब्द बोलले नाहीत. खणातून आपला ठसा काढला, ब्रोचच्या पाठीवर धरला आणि हातोडीचा एकच घाव घातला. झालं. ब्रोच तिच्या हातात देऊन ते आपल्या कामाला लागले.

आता आस्गर थोरूप हे कौतुकाच्या बाबतीत जरा जास्तच काटकसरी. ‘वाईट नाही’ हे त्यांचं सर्वोच्च पारितोषिक आणि तेही क्वचितच मिळे. लग्नाच्या दिवशी बोडिलबाईंना मिळालं होतं म्हणतात. वीबेकेला तेवढंही मिळालं नाही. पोरीची समजूत काढायला, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवतात तसा, त्यांनी ठसा मारला असं तिने मनाशी धरलं. पुन्हा ती त्या बाकाकडे फिरकली नाही. मोठेपणी दातांच्या प्रयोगशाळेत लागली आणि अर्ध्या कोपनहेगनच्या दाढा तिने घडवल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, “चावता येतं, एवढं बक्षीस पुरे.”

“हे बघ,” एस्बेन आता मवाळ आवाजात बोलू लागला. हा आवाज तो फक्त पैशाच्या गोष्टीत काढी. “ठसा बाबांचा आहे की नाही?”

“आहे.”

“त्यांनी स्वतः मारला की नाही?”

“मारला.”

“मग झालं तर! चोरी नाही, लबाडी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कशाला उघडतेस? समुद्रावरच्या घराचं छप्पर बघितलंस ना? गवत कुजलंय सगळं. बाकीच्या तेरा नगांत अर्धं छप्पर होईल. हा गेला की पुरं होतं. तुझीही नातवंडं येतात तिथे.”

“अगदी बरोबर,” डॉर्टे म्हणाली. “मागच्या जुलैत मी पलंगावर छत्री उघडून झोपले. माणसांनी हसावं म्हणून सांगत नाही, खरंच झोपले.”

“आणि उद्या तो घेणारा माणूस मित्रांना दाखवेल, की बघा, आस्गर थोरूपची सर्वांत धाडसी निर्मिती,” वीबेके म्हणाली. “बाबा कबरीतून उठून येतील, डॉर्टे. त्यांना एवढं वाकडं काही करता आलं नसतं.”

“आई, तू तरी सांग हिला!”

“आज माझा वाढदिवस आहे,” बोडिलबाई म्हणाल्या. “मला अजून एक हेरिंग वाढा. आणि दोनला लिलाव आहे, तेव्हा कॉफी आत्ताच टाका.”

गाडी एस्बेन चालवत होता आणि आरशातून मागे बसलेल्या बहिणीकडे बघत होता. वाईट माणूस नव्हता तो. लहानपणापासून त्याला एकच खंत होती, की बाबांच्या चांदीतलं आपल्याला काही कळत नाही. चमकतं ते पेटीत टाकलं, एवढीच त्याची अक्कल. आता हिच्या नवव्या वर्षाच्या खेळण्याला पुस्तकात अर्धं पान मिळालं आणि आपण केलेल्या पक्षिघराकडे अजून एकही चिमणी फिरकलेली नाही, हे त्याला छपराइतकंच टोचत होतं. पण हे त्याने डॉर्टेलाही सांगितलं नसतं.

लिलावघराच्या दालनात काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. तेरा नग एका रांगेत ठेवले होते आणि सत्तेचाळीस क्रमांकाला स्वतंत्र पेटी, वर खास दिवा. पेटीपाशी येप्पे उभा होता. पुस्तकातला मजकूर त्याचाच. तिशीचा, बारीक, उत्साहाने नुसता फसफसणारा.

“थोरूप कुटुंब!” तो पुढे आला. “तुम्हाला सांगतो, हा ब्रोच पहिल्यांदा हातात आला त्या दिवशी मी जेवलो नाही. इतकी वर्षं नीटनेटकं काम करणारा माणूस एक दिवस सगळं झुगारून देतो! ही झुकलेली कड बघा. कुणाचीही पर्वा नाही या कडेला.”

वीबेकेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बासष्टाव्या वर्षी एवढी स्तुती ऐकण्याची तिला सवय नव्हती आणि ही स्तुती तिच्या पत्त्यावर आलेलीही नव्हती. एस्बेनने तिची बाही हळूच ओढली. क्षणभर तिला वाटलं, जाऊ द्यावं. छप्पर होईल, सगळे खूश होतील. पण मग हा ब्रोच कायमचा बाबांचा होईल, आणि आपण आयुष्यात एकदाच मन लावून केलेली वस्तूसुद्धा आपली राहणार नाही. तिने बाही सोडवून घेतली.

“तो ब्रोच मी केलाय,” ती म्हणाली. “तिसरीत असताना. ती कड झुकलीये कारण कानस माझ्या हातातून निसटली.”

येप्पे गोड हसला. “प्रत्येक घरात अशी एखादी आठवण असतेच. मागे एका बाईंनी सांगितलं, की आमच्याकडची अमुक खुर्ची त्यांच्या मामांनी केली. मामा खाटीक होते.”

“माझ्याकडे पुरावा आहे. पेटी उघडा आणि स्वतःच्या कोटाला लावून बघा.”

येप्पेने पांढरे हातमोजे काढले, ब्रोच उचलला आणि कोटाच्या कॉलरला लावायला गेला. पिन आकड्यात जाईना. त्याने ब्रोच वळवून पाहिला, मान वाकडी केली, श्वास रोखला. दुसऱ्यांदा पिन सटकली. तिसऱ्यांदा त्याच्या अंगठ्यातून रक्ताचा थेंब आला.

“हेच तर!” तो अंगठा चोखत म्हणाला. “कलावंत आपल्याला प्रश्न विचारतो आहे!”

“कसला प्रश्न नि कसलं काय. इकडे आणा. आई, बस इथे.”

बोडिलबाई खुर्चीत बसल्या आणि सवयीने हनुवटी वर केली. वीबेके आईच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवरून पुढे नेले. डाव्या हाताच्या बोटांखाली टक् असा आवाज झाला आणि ब्रोच आईच्या कॉलरला बसला. तिने खाली बघितलंसुद्धा नाही. ज्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे, तिथे त्रेपन्न वर्षं दर वाढदिवसाला, दर नाताळला आणि कितीतरी रविवारी ही मायलेकींची मिठी अशी पिन लावण्याच्या निमित्ताने होत आली होती.

“मी डावखुरी आहे,” वीबेके म्हणाली. “मला सोयीची वाटली त्या बाजूला मी बिजागरी लावली. आकड्याचं तोंडही तसंच. बाबा उजव्या हाताचे. बाकीचे तेरा नग उलटे करून बघा.”

येप्पेने बघितले. त्यातल्या एकूणएक ब्रोचची बिजागरी उजवीकडे, आकडा डावीकडे. शेवटचा ब्रोच खाली ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पुस्तकाच्या कागदासारखा झाला होता.

“मी त्या पिनेवर अख्खा परिच्छेद लिहिलाय,” तो म्हणाला.

“चांगला लिहिलाय हो,” बोडिलबाई म्हणाल्या.

“पण ठसा!” एस्बेनने शेवटचा बार उडवून पाहिला. “ठसा तर खरा आहे!”

“ठसा कार्यशाळेचा. कामाचा दर्जा मालकाला मान्य आहे, एवढंच तो सांगतो. घडवणाऱ्याचं नाव मला बदलावंच लागेल.” येप्पेने घड्याळ पाहिलं. “दोन मार्ग आहेत. नग मागे घ्या, नाहीतर दुरुस्ती वाचून विक्री करू. पण खरं सांगतो, साठ हजार विसरा. चार मिळाले तरी पुष्कळ.”

एस्बेन मटकन खुर्चीत बसला. “गेलं छप्पर.”

“जाऊ दे रे,” डॉर्टे म्हणाली. ती मघापासून सासूच्या कॉलरकडे बघत होती. “अर्धं तर होतंय? समुद्राकडची बाजू करून घेऊ. दुसरीकडे बादली आहेच, माझी छत्रीही आहे. एवढ्याशा पोरीने हे असं करायचं आणि नाव मात्र सासऱ्यांचं लावायचं, हे मला नाही पटत.”

“तू मघाशी माझ्या बाजूने होतीस!”

“मघाशी मी उपाशी होते.”

“विकायचा की ठेवायचा ते सांगा,” येप्पे म्हणाला.

सगळ्यांनी बोडिलबाईंकडे पाहिलं, कारण कागदोपत्री माल त्यांचा होता. त्यांनी हळूच ब्रोचला बोट लावलं. “विकायचा,” त्या म्हणाल्या. “वीबेकेच्या नावाने.” वीबेकेने ब्रोच सोडवून येप्पेकडे दिला.

लिलाव सुरू झाला. एकेक नग जात होता. एस्बेन ओठ हलवत छपराचे तुकडे जुळवत होता. मागच्या रांगेत वीबेके आईच्या शेजारी बसली होती. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं.

“आई, तुला माहीत होतं ना तो पेटीत गेलाय?”

“एस्बेन पेटी भरत होता तेव्हा मी समोरच बसले होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, एकदा परक्या माणसाच्या तोंडून ऐकू. ज्याला तू कोण ते ठाऊक नाही, अशा माणसाच्या. मी कितीही चांगलं म्हटलं असतं तरी तू म्हणाली असतीस, आईच ती.”

“पण त्याने बाबांचा समजून स्तुती केली.”

“आणि तुझ्या बापाने तुझा समजून ठसा मारला.” बोडिलबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. “पाले आठवतो? दहा वर्षं होता आमच्याकडे. किती हुशार कारागीर! त्याने केलेले बारा नग आस्गरने ठसा न मारता परत मुशीत टाकले. बारा! बिचारा रडायचा माझ्यापाशी येऊन. नीट नसेल तर सख्ख्या भावाच्या कामावरही ठसा मारला नसता त्याने. आणि तुझा ब्रोच बघून त्या दिवशी आत आला नि मला म्हणाला, ‘त्या कडेला कानस लावायला गेलो होतो, बोडिल. हातच धजावला नाही. वाईट नाही.’”

“हे तू मला आज सांगतेस?”

“त्याने सांगू दिलं नाही. पोरीच्या डोक्यात हवा जाईल म्हणाला. मग तू बाक सोडलास, दातांच्या मागे लागलीस. वाटलं, तुला नकोच असेल. आपल्या घरात विचारायची पद्धतच नाही ना गं. माझंच चुकलं.”

वीबेकेला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही आलं. तिने रुमालासाठी खिसा चाचपला. बोडिलबाईंनी पर्समधून वाढदिवसाचा कागदी रुमाल काढून दिला. त्यावर झेंडे छापलेले होते.

“क्रमांक सत्तेचाळीस,” लिलाव पुकारणाऱ्या बाई म्हणाल्या. “इथे एक दुरुस्ती आहे. आस्गर थोरूप नव्हे. कारागीर वीबेके थोरूप, वय वर्षे नऊ. ठसा कार्यशाळेचा. पिन डावखुऱ्यांसाठी.”

सभागृहात हशा पिकला. फोनवरून बोली लावायला बसलेल्या दोघातिघांनी फोन खाली ठेवले. दोन हजारांना सुरुवात झाली. एक हात वर आला. तीन हजारांना दुसरा. पहिला हात पुन्हा वर आला आणि मग खाली जायलाच तयार होईना. तो डावा हात होता. दुसरा माणूस दहापर्यंत झुंजला आणि बायकोने कोपर मारल्यावर थांबला. अकरा हजारांना हातोडा पडला. एस्बेन अर्धवट उठून उभा राहिला होता. आपण टाळ्या वाजवतो आहोत हे त्याला डॉर्टेने खाली ओढल्यावर कळलं.

विक्री संपल्यावर डाव्या हाताची बाई त्यांना शोधत आली. सत्तरीची, उंच, वाऱ्याने रापलेला चेहरा. “गेर्डा,” तिने हात पुढे केला. “तीस वर्षं फेरीबोटीची कप्तान होते. गणवेशाला दर सकाळी बिल्ला लावायचा आणि दर सकाळी शिव्या घालायच्या. सगळ्या पिना तुम्हा उजव्यांसाठी! ते नऊ वर्षांचं बाळ कोणतं?”

“मी,” बासष्ट वर्षांची वीबेके म्हणाली.

गेर्डाने ब्रोच घेतला, आरसा न शोधता छातीशी नेला आणि डाव्या हाताने टक् करून लावला. पहिल्याच झटक्यात बसला. कड झुकलेली, कुणाचीही पर्वा नसलेली. तिने मान खाली घालून पाहिलं आणि खदखदा हसली. येप्पे दुरून बघत होता. तो वहीत काहीतरी लिहू लागला, मग त्याने ते खोडलं.

“त्रेपन्न वर्षांत तुझ्याशिवाय कुणाला जमलं नव्हतं हे,” बोडिलबाई वीबेकेच्या कानाशी म्हणाल्या. “बरं झालं. योग्य घरी पडला.”

पण गेर्डा दाराबाहेर गेली आणि बोडिलबाईंचा हात आपोआप मोकळ्या कॉलरशी गेला. तिथेच राहिला. एस्बेन गाडी आणायला गेला होता, डॉर्टे कोट शोधत होती.

“आता दर रविवारी कशाला येशील तू?” बोडिलबाईंनी विचारलं. अगदी हलक्या आवाजात, बसची वेळ विचारावी तसं. “लावायला काही उरलं नाही.”

वीबेके आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीसारखे दोन्ही हात आईच्या खांद्यांवरून पुढे आणले. हातात ब्रोच नव्हता, लावायला पिन नव्हती. हात तसेच राहिले.

“बाबांचा बाक अजून समुद्रावरच्या घरात आहे ना?” तिने विचारलं.

“आहे. गळक्या बाजूला. वर ताडपत्री टाकलीये.”

“तो कोरड्या बाजूला घ्यायला सांग एस्बेनला. तुला नवीन करते.”

बोडिलबाईंनी तिच्या हातांवर आपले सांधे धरलेले हात ठेवले.

“कर,” त्या म्हणाल्या. “पण पिन उलटीच लाव. एस्बेनला लावता आली नाही पाहिजे.”